मुरुमांच्या गोळ्या

बोरधरण, ता. सेलू
९ फेब्रुवारी २०२५

ती. मावशी,
सविनय जयभीम.

तुझं कानाचं मशीन पुन्हा बिघडलं, असं प्रफुल्लदादानं आईला फोनवर सांगितलं. "मशीनमधून नुसता पंख्यासारखा आवाज येते म्हणते आई. फोनवर बोलाचं तं सोडूनच दिलं तिनं," असं तो म्हणत होता. मग मी म्हटलं, मावशीला कागदावर लिहू. तू आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलंस, पण मी मात्र तुला आज पहिल्यांदा लिहिते आहे. लाल पेन हातात घेऊ नको.

ऑक्टोबरपासून मी जंगलात गाईड म्हणून जाते, हे तुला माहीत आहे. पहाटे गेटवर पोचतो तेव्हा धरणावर धुकं असतं आणि पाणी कुठे संपलं, आभाळ कुठे सुरू झालं, ते कळत नाही. फोन गेटवरच जमा होतात. जिप्सी आत शिरली की सगळे गप्प. सागाची पानं गळताहेत, एकेक पान पडल्याचा आवाज येतो. मी उभी राहून हात करते आणि सगळ्यांच्या माना माझ्या बोटाच्या दिशेनं वळतात. माझ्या तोंडाकडे कोणी पाहत नाही. मावशी, खरं सांगते, हे काम मी त्यासाठीच धरलं.

कारण तोंडाचं तुला ठाऊक आहे. पंधराव्या वर्षापासून मुरूम आहेत, आता बावीस संपत आलं. पण या हिवाळ्यात गालांवर, हनुवटीवर मोठमोठ्या गाठी उठल्या. उशीवर गाल टेकवला तरी ठणकतं. कडुलिंब झाला, मुलतानी माती झाली. सेलूच्या मेडिकलवाल्या भैय्याजींनी एक ट्यूब दिली होती, तिनं पंधरा दिवस तोंड उजळलं आणि मग दुप्पट उठलं. मागच्या रविवारी नागपूरच्या एक बाई गेटवर फोटो काढताना मला म्हणाल्या, "बेटा, तू जरा बाजूला हो, सिर्फ फॅमिली का लेते हैं." वाईट बोलल्या नाहीत त्या. पण मी घरी येऊन जेवले नाही.

मग एकटीच सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात गेले. त्वचेच्या विभागातल्या मॅडमनं नीट पाहिलं. म्हणाल्या, वरून लावून हे बसणार नाही, पोटातून अँटिबायोटिक घ्यावी लागेल. डॉक्सी म्हणतात तिला. रोज एक गोळी, जेवणावर, पेलाभर पाण्यासोबत. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. बरोबर एक जेल लावायचं. तीन महिने, मध्ये सोडायचं नाही आणि नंतर आपल्या मनानं वाढवायचंही नाही. आणि उन्हाला जपायचं.

मी म्हटलं, मॅडम, मी उघड्या गाडीत उभी राहते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या हसल्या.

आई म्हणते, तुझ्याही तोंडावर माझ्यासारखंच होतं आणि तू काही गोळ्या घेत होतीस. खरं का? काय घेत होतीस? त्रास झाला होता का काही? मला सांग, म्हणजे धीर येईल.

तुझी,
पौर्णिमा


पुलगाव
१७ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमास,
सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मला वाटलं, पेन्शनचं काही असेल. तुझं अक्षर ओळखू आलं नाही, कारण ते मी कधी पाहिलंच नव्हतं. चांगलं आहे. अनुस्वार जागच्या जागी आहेत.

मशीन मी काढूनच ठेवलं आहे. घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं आता. सूनबाई अंजू फोडणी देते, तिचा हात दिसतो, मोहरी तडतडल्याचं वासावरून कळतं. मालगाडी जाते तेव्हा फडताळातल्या पेल्यातलं पाणी हलतं. सुरुवातीला भीती वाटायची. आता कधीकधी बरंही वाटतं. दुपारी अंगणात बसले की उन्हालाही एक आवाज होता, तो आता नाही, एवढंच लक्षात येतं. बोलणाऱ्याच्या ओठांवरून मला बरंच कळतं. मुलांना वर्गात मागच्या बाकावर कुजबुजताना पकडायची सवय कामी आली.

तू डॉक्टरांकडे गेलीस हे फार चांगलं केलंस. त्यांनी सांगितलं तसंच घे. उन्हासाठी मोठा सुती दुपट्टा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे. दुचाकी चालवणाऱ्या मुली घालतात तसे. पाणी भरपूर पी. आणि कोणी काही म्हटलं म्हणून उपाशी राहू नको.

माझं विचारलंस. इतकी वर्षं झाली, नीट आठवत नाही मला. घेतलं असेल काहीतरी. त्या काळी आजच्यासारखी चांगली औषधं कुठे होती.

प्रफुल्ल डेपोतून सहाला येतो. त्यानं तुला आठवण सांगितली आहे. तोही तुझ्यासारखाच, बोलणं कमी.

तुझी,
सुलोचना मावशी


बोरधरण
२३ मार्च २०२५

ती. मावशी,
जयभीम.

दीड महिना झाला. सगळं सांगते, म्हणून उशीर.

पहिल्या पंधरवड्यात काहीच झालं नाही. उलट हनुवटीवर दोन नवीन उठले. मग एके दिवशी पहाटे निघायची घाई होती, रात्रीची गोळी राहिली होती म्हणून ती एका घोटात गिळली आणि दहा मिनिटं पाठ टेकली. मावशी, त्या दिवसापासून छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं झालं. भाकरीचा तुकडा उतरेना. पाणी पिताना डोळ्यांत पाणी. तीन दिवस ताकावर काढले. मॅडमला विचारलं तर म्हणाल्या, गोळी नळीत अडकून बसली होती, तिथं भाजलं. पेलाभर पाणी म्हणजे पेलाभरच. आता मी शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसून घेते आणि पाऊण तास उठून बसते.

मग ऊन. एका सकाळी वाघीण नाल्यात बसून होती आणि आम्ही तासभर तिथंच थांबलो. मी हातमोजे घालायचे विसरले होते. संध्याकाळी हातांची मागची बाजू लालबुंद, नाकाच्या शेंड्याची साल निघाली. तेव्हापासून मी फक्त सकाळची फेरी मागून घेतली आहे. ऊन चढायच्या आत परत. दुपारभर खिडकीला आईची जुनी साडी बांधून पडून राहते. साडी निळी आहे, खोली सगळी निळी होते. झोप लागते, पण पुरती नाही. बाहेर कोणी बादली ठेवली, बकरी ओरडली, सगळं येतं, पण लांबून. एकदा स्वप्न पडलं की मी धरणात वाकून पाहते आहे आणि पाण्यात माझं तोंड आहे, घासलेल्या ताटासारखं स्वच्छ. मी हात लावला तर ते हललं नाही. जागी झाले तेव्हा मी गालाला हात लावून होते.

आणि मावशी, खरंच उतरतं आहे. गाठी बसल्या. डाग आहेत, पण ठणका गेला. परवा ड्रायव्हर म्हणाला, "काऊन पौर्णिमा, तब्येत चांगली झाली काय तुई?" त्याला काय बदललं ते सांगता येईना, पण काहीतरी दिसलं त्याला.

रक्षावहिनीनंही पाहिलं. आमच्या दादाचं लग्न होऊन आता आठ महिने झाले. लग्नात तिचं तोंड किती नितळ होतं, आणि आता कपाळावर बारीक बारीक पुरळ आहे. ती माझ्याशी फार बोलत नव्हती. पण त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "पौर्णिमाताई, मलेही द्या ना त्यातल्या." मी तिला दहाची एक पट्टी दिली. पेलाभर पाणी, ताठ बसणं, ऊन, सगळं समजावून सांगितलं. मला फार बरं वाटलं. घरात पहिल्यांदा कोणी माझ्याकडे काही मागितलं. मला पुढच्या महिन्यात आणखी मिळतीलच.

तुझी,
पौर्णिमा


पुलगाव
२७ मार्च २०२५

चि. पौर्णिमा,

पत्र मिळाल्याबरोबर रक्षाकडून ती पट्टी परत घे. एकही गोळी तिला घेऊ देऊ नको.

तिला विचार, पाळी वेळेवर आली का. लाजू नको, विचार.

मी प्रफुल्लला फोन करायला सांगू शकले असते, पण मला हे त्याच्या तोंडून जायला नको आहे. म्हणून अंजूला स्पीड पोस्ट करायला पाठवते आहे. का, ते विचारू नको. मी मोठी आहे, एवढं ऐक.

सुलोचना मावशी


बोरधरण
२० एप्रिल २०२५

ती. मावशी,

तुझं ऐकलं. काय झालं ते सांगते.

पत्र आलं त्याच दिवशी वहिनीला म्हटलं, त्या गोळ्या मला परत दे. तिनं विचारलं, काऊन? मला कारण सांगता येईना. तूच सांगितलं नव्हतंस. मग पाळीचं विचारलं, तेही आईसमोर, कारण माझ्या मनात काही नव्हतं. तिचा चेहरा पडला. आठ महिने झाले, शेजारच्या बाया रोज तेच विचारतात तिला. ती म्हणाली, "तुमचा चेहरा साफ झाला ना, मंग आता माह्या कपाळाशी काय घेणं तुमाले." आत गेली, पट्टी आणून माझ्या पलंगावर टाकली. चार गोळ्या उरल्या होत्या. सहा तिनं घेतल्या होत्या.

दादा माझ्याशी बोलत नाही. म्हणतो, द्यायची नव्हती तर दिली कशाला. आई म्हणते, तू अन् तुई मावशी. घरात चार माणसं आहेत आणि ताटांचाच आवाज येतो.

मी खूप विचार केला. मला वाटतं, तुला राग आला तो याचा की मी डॉक्टर नसून डॉक्टरकी केली. माझी चूक आहे. दुसऱ्याच्या नावानं लिहिलेलं औषध वाटायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं. पण मावशी, चूक सांगायची ही कोणती रीत? शाळेत तू पोरांना छडी मारायची नाहीस, असं सगळे सांगतात. समजावायचीस म्हणे.

मी रोज पहाटे जंगलात जाते आणि परत येऊन निळ्या खोलीत पडते. तोंड साफ झालं आहे. आरशात पाहिलं की दुसऱ्याच कोणाचं वाटतं. कारण सांगायचं नसेल तर सांगू नको. पण मग मीही आता काही लिहिणार नाही.

पौर्णिमा


पुलगाव
२६ एप्रिल २०२५

चि. पौर्णिमा,

तुझा राग रास्त आहे. मी तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा कागद फाडला. आता सकाळचे दहा वाजलेत, प्रफुल्ल कामावर आहे, अंजू बाजारात गेली आहे. दोन तास माझे आहेत.

तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस आणि मी लिहिलं होतं, आठवत नाही. मला सगळं आठवतं.

मी बावीस वर्षांची होते. सत्त्याऐंशी साल. शाळेवर नेमणूक झाली आणि त्याच वर्षी लग्न. पाहायला आले तेव्हा आईनं माझं तोंड पावडरीनं लिंपलं होतं. लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाई मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "नोकरी पाहू का तोंड पाहू, असं झालं." वर्गात फळ्याकडे वळले की मागून पोरं हसायची. ती माझ्यावर हसत नसतीलही, पण मला तसंच वाटायचं.

गावात पुंडलिकराव डॉक्टर होते. त्यांनी कॅप्सूल दिल्या. टेट्रासायक्लिन. तुझ्या गोळीची ती थोरली बहीण म्हण. दोन महिन्यांत माझं तोंड उतरलं. मला तो काळ स्वप्नासारखा आठवतो. शाळेच्या वाटेवर पळस फुलला होता आणि मी डोक्यावरचा पदर मागे सारून चालायची. तुझ्या काकांनी वर्ध्याला नेऊन फोटो काढला. माझा तो एकच फोटो आहे ज्यात मी सरळ समोर पाहते आहे.

त्याच दरम्यान दिवस गेले. मी पुंडलिकरावांना सांगितलं नाही. लाज वाटली, आणि खरं कारण हे की ते बंद कर म्हणतील याची भीती वाटली. एकदा चार दिवस बंद केल्या होत्या तर कपाळावर उठलं होतं. सातव्या महिन्यापर्यंत घेतल्या मी. कंपाउंडर द्यायचा, कोणी विचारायचं नाही.

प्रफुल्ल झाला. दात आले ते पिवळे. सगळे म्हणाले, दुधाचे आहेत, पडतील. पडले. आणि जे आले ते राखाडी, मध्ये तपकिरी पट्टा. तो दहा वर्षांचा असताना शाळेत दातांची तपासणी झाली. मी रांग लावत उभी होते. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडलं आणि सोबतच्याला म्हणाले, "टेट्रासायक्लिनचे डाग." पुढचं पोर घेतलं. माझ्या पेटीत जुनी पाकिटं होती. घरी जाऊन नाव वाचून पाहिलं. तेच.

तेव्हापासून मी कोणाला बोलले नाही. तुझे काका गेले, त्यांनाही नाही. प्रफुल्ल छत्तीस वर्षांचा आहे. बोलताना तोंडावर हात धरतो. माझे कान गेल्यापासून तर मला त्याचं बोलणं कळतच नाही, कारण ओठ दिसत नाहीत. मग तो पाटीवर लिहून दाखवतो. त्याच्या लग्नाच्या एकाही फोटोत तो हसलेला नाही. सत्तावीस वर्षं मी रोज त्याला ताट वाढते आणि मनात म्हणते, माझ्या तोंडासाठी याचं तोंड गेलं.

तू लिहिलंस की नव्या सुनेला गोळ्या दिल्या, आणि मी लगेच कागद पुढे ओढला. आता कळलं ना, मी का विचारलं. सहा गोळ्यांनी काय होतं, मला माहीत नाही. तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. तिची माफी माग, माझ्या वतीनंही.

हे पत्र वाचून फाडून टाक.

सुलोचना मावशी


बोरधरण
११ मे २०२५

प्रिय मावशी,
जयभीम.

पत्र फाडलं नाही. पण कोणाला दाखवलंही नाही. त्या निळ्या खोलीत बसून दोनदा वाचलं. मग उठून वहिनीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी तिच्या बाजूला बसले आणि एवढंच म्हटलं की माझ्या जवळच्या एका बाईनं पोटुशी असताना अशाच गोळ्या घेतल्या होत्या आणि तिला फार सोसावं लागलं, म्हणून मी घाबरले होते. माझं चुकलं, चारचौघांत विचारायला नको होतं.

ती निवडत राहिली. मग तांदळाकडेच पाहत म्हणाली, "माही एप्रिलची आलीच नाई, ताई. मी कोणाले सांगतलं नाई. दरवेळेस सांगतो अन् मंग येते."

दुसऱ्या दिवशी मी फेरी सोडली आणि दोघी सेलूवरून बसनं सावंगीला गेलो. बसमध्ये तिनं माझा हात धरला होता. खिडकीतून गरम वारा येत होता. आधी बायकांच्या विभागात गेलो. तपासणी झाली. मावशी, वहिनीला दिवस आहेत. दोन महिने होत आलेत.

मग मी तिला घेऊन माझ्या मॅडमकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं, गोळ्या मी दिल्या तेही. त्या मला रागावल्या, आणि मी ऐकून घेतलं. तारखा विचारल्या. म्हणाल्या, इतक्या सुरुवातीला, तेही सहाच गोळ्या, यात घाबरण्यासारखं काही नाही. पुन्हा मात्र नको, आणि बायकांच्या डॉक्टरांना हे सांगून ठेवा. वहिनी तिथंच रडली. मॅडमनं तिला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

आता तुझं. वहिनीला बाहेर बसवून मी परत आत गेले. नाव घेतलं नाही. विचारलं की एका बाईनं सातव्या महिन्यापर्यंत टेट्रासायक्लिन घेतली, तर तिच्या मुलाचे दात आयुष्यभरासाठी खराब होतात का.

मॅडम म्हणाल्या, "कोणते दात?"

मी म्हटलं, "दोन्ही. दुधाचेही पिवळे होते, नंतरचेही राखाडी आले."

त्यांनी कागदावर दात काढून दाखवला. म्हणाल्या, पोटात असताना बाळाचे दुधाचे दात तयार होत असतात. आईनं घेतलेल्या औषधानं ते पिवळे झाले असतील, ते खरं. पण समोरचे पक्के दात बाळ जन्मल्यानंतर तयार व्हायला लागतात, आणि त्यांना पाच-सहा वर्षं लागतात. पोटात असतानाच्या गोळ्या त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

मी विचारलं, मग ते राखाडी कसे आले?

"त्या मुलाला लहानपणी कोणी तेच औषध दिलं असेल. तापासाठी, खोकल्यासाठी. तेव्हा गावोगावी देत. त्या बाईंना विचारा, आठवतं का."

म्हणून विचारते, मावशी. आठवतं का?

माझ्या गोळ्या परवा संपल्या. हनुवटीवर एक पुन्हा उठला आहे. मॅडम म्हणाल्या, थोडे येतील, जेल लावत राहा, गोळ्या आता नकोत. मी आज दुपारची फेरी केली. मॅडम म्हणाल्या होत्या, अजून काही दिवस हात झाकूनच ठेव, म्हणून मोजे चढवले होते. पण तोंडावर ऊन घेतलं. चारच मिनिटं.

तुझी,
पौर्णिमा


पुलगाव
१९ मे २०२५

चि. पौर्णिमा,
सप्रेम जयभीम.

रक्षाला माझे आशीर्वाद. तिला सांग, जपून राहा, आणि शेजारच्या बायांना पाचवा महिना लागेपर्यंत काही सांगू नको.

तुझं पत्र मी तीन दिवस उशीखाली ठेवलं. पहिल्या दिवशी मला ते खरं वाटलं नाही. डॉक्टर लोक धीर देण्यासाठी बोलतात. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बसले होते, सगळं नेहमीसारखं निःशब्द, आणि एकाएकी मला ती पुडी दिसली.

प्रफुल्ल तीन-चार वर्षांचा होता. एक्क्याण्णव, ब्याण्णव. हिवाळा लागला की दर महिन्याला ताप आणि छातीत घरघर. पुंडलिकराव कॅप्सूल फोडून तिची भुकटी चार-चार भागांत वाटून पुड्या बांधून द्यायचे. पिवळी भुकटी. कडूजहर. तो थुंकून टाकायचा, म्हणून मी मधात कालवून बोटानं चाटवायची. दोन हिवाळे. इतका स्वच्छ रंग आठवला मला तिचा, आणि इतकी वर्षं मी एकदाही विचारलं नव्हतं की त्या पुडीत काय असायचं. पुंडलिकरावही आता नाहीत. त्यांनी मुद्दाम काही वाईट केलं नाही. सगळ्यांच्याच पोरांना देत होते.

म्हणजे हातही माझेच होते. पण पौर्णिमा, हे वेगळं आहे. मी स्वतःला खूप तपासून पाहिलं, हे वेगळं आहे की मलाच हवं आहे म्हणून वेगळं वाटतं आहे. वेगळं आहे. तो तापानं फणफणायचा आणि मी त्याला औषध द्यायची. माझ्या फोटोसाठी नाही. दुधाच्या दातांचं माझं आहे, ते मी घेते. ते पडून गेले.

काल रविवार होता. अंजू माहेरी गेली होती. प्रफुल्ल अंगणात सायकलची चेन बसवत होता. मी त्याला म्हटलं, हात धू आणि माझ्यासमोर बस. तो घाबरला, त्याला वाटलं माझी तब्येत बिघडली. मी सगळं सांगितलं, सासूबाईंच्या त्या वाक्यापासून. कॅप्सूल, लपवलेलं, तपासणीचा दिवस, पेटीतली पाकिटं. मग तुझ्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते. मग पुड्या. माझा आवाज मोठा होतो की बारीक, मला कळत नाही हल्ली. शेजारी ऐकत असतील तर ऐकोत, असं म्हणून बोलले.

तो ऐकत होता. हात तोंडावर होता. चेनचं काळं ग्रीस त्याच्या नखांत राहिलं होतं, मी त्याकडेच पाहत होते. मग त्यानं पाटी घेतली, खडू शोधला, आणि काही न लिहिता दोन्ही बाजूला ठेवले. हात खाली घेतला आणि सावकाश बोलला, मला दिसावं म्हणून.

"मी तं समजत होतो का आपल्या विहिरीच्या पाण्यानं झाले. बाबा म्हणत, पाण्यात क्षार आहे. मी कधी तुहं नावच नाई घेतलं मनात."

मी म्हटलं, मग तोंडावर हात काऊन ठेवतो?

"सवय झाली. कोणी हसलं असंन शाळेत, याद बी नाई आता." मग म्हणाला, "तू एवढे साल हे घेऊन बसली होती काय, आई?"

मी मान हलवली. तो उठून माझ्याजवळ आला, खाली बसला, आणि काहीतरी म्हणाला. त्याचे ते राखाडी दात मी इतक्या जवळून आणि इतक्या उजेडात कितीतरी वर्षांनी पाहत होते.

तो म्हणाला, "पुडी कडू होती का काय, मले याद नाई. मले तं मध याद आहे. अन् तुहं बोट."

मी त्याला म्हटलं, नीट दिसलं नाही, पुन्हा सांग.

दिसलं होतं. त्यानं पुन्हा सांगितलं.

तुझी,
सुलोचना मावशी